रखमाचा भाग

कागद काचेवर पालथा ठेवायचा, झाकण लावायचे आणि बटण दाबायचे. ह्या तीन क्रियांमध्ये कागदावर काय लिहिले आहे हे वाचण्याचा प्रसंग कोठेच येत नाही. नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोरील सहा फूट रुंदीच्या झेरॉक्सच्या दुकानात एकोणीस वर्षे उभे राहून व्यंकटीने असंख्य माणसांची सुखदुःखे अशीच पालथी घातली होती. सातबारे, जातीचे दाखले, फारकतीचे कागद, सगळे काचेवर सारखेच पडते आणि सारखेच गरम होऊन बाहेर येते. म्हणून त्या मंगळवारी सकाळी पांढऱ्या साडीतल्या एका तिशीच्या बाईने कागद पुढे करून "पन्नास काढा" म्हटले, तेव्हा त्याने कागदाकडे पाहिले नाही. हिरवा उजेड झाकणाच्या फटीतून एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकत गेला आणि पहिली प्रत उताणी बाहेर पडली. तिच्यावर पार्वतीआक्काचा चेहरा होता. खाली अक्षरे होती, कालकथित पार्वतीबाई, पुण्यानुमोदन, रविवार सकाळी अकरा. त्याचा हात बटणाकडे गेला. परंतु यंत्राला पन्नास सांगितलेले होते आणि ते पन्नास काढीत राहिले. एकीवर एक, आक्का येतच राहिली. सहा वर्षे जिचा चेहरा कोणत्याही प्रेक्षकाने पाहिला नाही, ती बाई त्याच्या डोळ्यांदेखत पन्नास वेळा बाहेर आली.

"आक्का कधी गेल्या?" त्याने विचारले. स्वतःचा आवाज त्याला दुसऱ्या दुकानातून आल्यासारखा वाटला.

"दहा तारखेला. झोपेतच." त्या बाईने त्याला निरखून पाहिले. "तुम्ही कोतवाल ना? चावडी मालिकेतले? व्यंकटीमामा?"

"हाव."

"मी धम्मप्रिया, त्यांची लेक. किनवटला असते, आश्रमशाळेत शिकवते. बरं झालं मामा, तुम्हालाच हुडकून राहिले होते मी." तिने प्रती हातात घेतल्या, पण निघाली नाही. "आईची एक वही होती बघा. अंगणवाडीच्या रजिस्टरात लिहिलेली. तिचा भाग. तुम्ही सरांना दिली होती ना लातूरला? आई लई सांगायची. सरांनी वाचली, हसले म्हणायची. रविवारी भाषणं तर सगळेच करतेत. मला वाटतंय तिचा भागच वाचावा. मी रखमाचं वाचते, तुम्ही कोतवालाचं वाचा. सरांकडून तेवढी आणून देता का?"

ते रजिस्टर तिच्या गुडघ्यापासून दोन हातांवर होते. गल्ल्याखालच्या खोक्यात, कोऱ्या कागदांच्या रिमांखाली, ते तीन वर्षे पडून होते, आणि त्याच्यावर कागदांचा जो भार चढत-उतरत होता त्याची जाणीव व्यंकटीच्या पायांना रोज असे.

"आणतो," तो म्हणाला. "लातूरला जावं लागंल."

माणूस एक असत्य बोलतो तेव्हा ते त्याला लहान भासते. पुढे त्या असत्याला लेकरे होतात आणि त्यांचे सगळे पुरवावे लागते. व्यंकटी दुसऱ्याला फसवणाऱ्यांपैकी नव्हता. लोह्याकडच्या खेड्यात सातवीपर्यंत शिकलेला, पुढे दुसऱ्यांचे कागद वाचून वाचून शहाणा झालेला, अक्षराचा फार मान राखणारा असा तो मनुष्य होता. तो कलावंत झाला तोही अपघाताने. लातूरच्या एका शिकवणी वर्गातले मल्लिनाथ सर मोबाईलवर दाखवण्यासाठी 'बिनपाण्याची चावडी' नावाची विनोदी मालिका काढीत होते. औश्याजवळच्या एका खेड्यात दर शनिवारी-रविवारी चित्रण चाले. सरपंच, ग्रामसेवक, उपसरपंच आणि हॉटेलवाला ही चार मुख्य पात्रे. त्यांची वाक्ये सर घरी बसून लिहीत व छापून देत. उरलेल्या सहकलाकारांना कागद मिळत नसे. त्यांना विषय मिळे. "कोतवाल, तू दवंडी देत येतोस आणि सरपंचाच्या अंगावर पडतोस. काय बोलायचं ते तुझं तू बघ." व्यंकटी आपले आपण पाहत असे आणि लोक त्याच्या वाक्यांना हसत, तथापि ती वाक्ये कोठेही लिहिलेली नसत, म्हणून कोणाचीच नसत. चहाच्या टपरीवर लोक म्हणत, सर काय लिहितेत हो! अशा वेळी व्यंकटी अर्धा चहा बशीतच सोडून उठत असे.

आणि रखमा, कोतवालाची बायको, जी कधीच दिसत नाही, नुसती घरातून ओरडते. ही कल्पना सरांना तिसऱ्या भागाच्या वेळी सुचली होती. बचत गटाच्या बायकांची गर्दी दाखवायची म्हणून नांदेडहून काही बाया आल्या होत्या. सर म्हणाले, "कुणीतरी आतून ओरडा गं याला." बाया लाजल्या. तेव्हा पार्वतीआक्का, अंगणवाडीतली मदतनीस, तीस वर्षे लेकरांच्या कलकलाटावर आवाज चढवलेली बाई, दाराच्या आत गेली आणि तिने एकच हाक मारली: "अहो दवंडीवाले! सगळ्या गावाला सांगितलंत, घरात काय सांगणार हाव का न्हाई?" चित्रण थांबवावे लागले, कारण कॅमेरा धरणारा पोट धरून बसला होता. तेव्हापासून सहा वर्षे आक्का त्या दाराआड एका पालथ्या बादलीवर बसली. बाहेर काय चालले आहे हे तिला दाराच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढेच दिसे, आणि फटीतून फक्त व्यंकटीची पाठ दिसे. "भाऊ, शर्ट उसवलाय मागून," ती मधूनच कुजबुजे. किंवा, "सरपंच आज वाक्य विसरतोय बघा, त्याचा पाय हालून राहिलाय." व्यंकटीचे तोंड कॅमेऱ्याकडे असे, मागे वळून पाहण्याची त्याला मनाई होती. अशा रीतीने एकाने पाठ आणि दुसऱ्याने आवाज ओळखून त्यांचा सहा वर्षांचा संसार झाला, जो प्रेक्षकांना खरा वाटे. बाजारात व्यंकटीला लोक अडवून फोटो काढत. आक्काला कोणी ओळखत नसे. पण ती मेथीचा भाव विचारी आणि दोन दुकाने पलीकडचा मनुष्य वळून बघे, हा आवाज आपल्या घरातला आहे की काय अशा मुद्रेने.

शंभरावा भाग जवळ आला तेव्हा शाळेच्या ओट्यावर जेवताना सरांनी जाहीर केले की ह्या वेळी सहकलाकारांनी एकेक भाग लिहून आणावा. जो उत्तम असेल तोच शंभरावा. घास गिळण्याचे व्यंकटीला भान राहिले नाही.

केवळाबाई, त्याची पत्नी, हिला त्याने मंगळवारी सायंकाळी सर्व सांगितले. तीन वर्षांत प्रथमच. ती भाजी निवडीत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तुम्ही दिलीच न्हाई?"

"न्हाई."

"आन् ती बिचारी विचारायची तवा?"

"सर हसले म्हणून सांगितलं."

"मग आता लातूरला कशाला चाललात? वही तर दुकानात हाय."

हा प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर व्यंकटीला सरळ देता येईना. सरांनी वही वाचावी, एकदा तरी, निदान पाच मिनिटे, म्हणजे आपण जे सांगितले ते घडून जाईल. जे घडायला हवे होते ते उशिरा का होईना घडवून आणायचे आणि मग ती वही सरांच्या हातून परत घ्यायची, म्हणजे "सरांकडून आणली" हे वाक्यही शुद्ध होईल. त्याने हे अडखळत सांगितले.

केवळाबाईने देठ बाजूला टाकले. "मेलेल्या माणसाच्या वहीला तिकीट काढून लातूर दाखवायला चाललात होय? त्यापरीस त्या पोरीला तोंड दाखवा की. लातूरपेक्षा जवळ हाय ती."

तो शुक्रवारी गेला. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर; ह्या मार्गाने तो इतक्या वेळा गेला होता की कोणत्या वळणावर खिडकीची काच खडखडते हेही त्याला ठाऊक होते. मांडीवरच्या पिशवीत रजिस्टर होते. ते त्याने उघडले नाही, कारण गेल्या वेळी ते ह्याच रस्त्यावर उघडले होते. तेव्हा पिशवीत दोन वस्तू होत्या. एक त्याचा स्वतःचा भाग, चौदा पाने, शेजारच्या दुकानात टाइप करून प्लास्टिकच्या आवरणात घातलेला, 'कोतवालाचा सत्कार'. दुसरी आक्काची वही. "तुम्ही जाऊनच राहिलात तर माझीबी द्या भाऊ," ती म्हणाली होती. "कशी झाली काय माहीत. लेकरं झोपल्यावर लिहिली अंगणवाडीत. तुम्ही नका वाचू हां, तुम्हाला हसू येईल." ती हे ज्या लाजऱ्या अभिमानाने म्हणाली तो व्यंकटीने ओळखला, कारण तोच त्याच्याही ठायी होता. लोहा गेल्यावर त्याने वही उघडली. शेजारणीच्या लेकराच्या गालाला हात लावावा तेवढ्याच कौतुकाने.

रजिस्टर मुलांच्या वजनाचे होते. छापील रकाने होते: नाव, वय, वजन, शेरा. आक्काने एकही रकाना वाया घालवला नव्हता. नावाच्या रकान्यात पात्राचे नाव, वयाच्या आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेत तिचे बारीक, गोल अक्षर, म्हणजे वाक्य, शेऱ्यात सूचना, "इथं भांडं पडलं पाहिजे," "इथं सगळे एकदम गप." आणि वजनाच्या रकान्यात तिने प्रत्येक वाक्यापुढे किलो लिहिले होते. ग्रामसेवकाचे लांबलचक वाक्य: दोनशे ग्रॅम. रखमाचे एका शब्दाचे: नऊ किलो. आरंभी व्यंकटीने स्मित केले. अडाणीपणा, त्याला वाटले. पुढच्या पानावर मात्र त्याच्या लक्षात आले की एवढ्याने वाक्य कसे म्हणायचे हे नेमके कळते, आणि आपल्याला सहा वर्षांत कोणीही इतके नेमके सांगितलेले नाही.

भाग असा होता. एका सकाळी रखमा दार उघडून ओट्यावर येऊन बसते. कारण काही नाही. एवढेच. आणि त्यावर सगळे गाव हादरते. सरपंच म्हणतो, हिला बाहेर यायला कोणत्या योजनेतून मंजुरी मिळाली? ग्रामसेवक म्हणतो, मासिक सभेत ठराव न होता बाई बाहेर आलीच कशी, मी इतिवृत्तात काय लिहू? हॉटेलवाला म्हणतो, ही रखमा न्हाईच. सहा वर्षं मी तिच्या आवाजावर चहा उकळला. त्या आवाजाची बाई एवढी बारकी कशी असंल? गावात दोन तट पडतात. आधार कार्ड मागवले जाते. त्याच्यावरचा फोटो तर कोणालाच ओळखू येत नाही. आणि ह्या सगळ्या वेळी रखमा ओट्यावर बसून नुसती बघते, कारण तिने गाव कधी पाहिलेलेच नसते. "ही शाळा होय? आवाजावरून मला लई मोठी वाटायची."

अहमदपूरच्या थांब्यावर लोक चढले-उतरले ते व्यंकटीला कळले नाही. त्याला हसू आले नाही. खोल विहिरीच्या काठावरून डोकावल्यावर तळपायांत जे होते ते झाले. त्याने आपला भाग प्लास्टिकमधून काढला. पहिल्या पानावर सरपंच कोतवालाची स्तुती करीत होता, दुसऱ्यावर ग्रामसेवक, चौथ्यावर उपसरपंच. नऊ ते अकरा ह्या पानांवर कोतवालाचे भाषण. आणि पाच ठिकाणी, कंसात, आतून आवाज. तेवढेच. आवाज काय म्हणतो हेदेखील त्याने लिहिले नव्हते. काय बोलायचे ते तिचे ती बघेल, असे त्याच्या मनात, मनातही नव्हे, हातात होते. सर आपल्याला वाक्य देत नाहीत म्हणून जो मनुष्य सहा वर्षे कुढला, त्याला स्वतःच्या लेखणीने लिहायची वेळ आली तेव्हा आपल्या दाराआडच्या बाईला एक वाक्य देता आले नाही. आणि त्या बाईने मात्र कोतवालाला, पालथ्या बादलीवर बसून जेवढी पाठ दिसली तेवढ्यावरून, मालिकेतली सर्वांत सुंदर वाक्ये लिहून दिली होती. त्याच्याच बोलीतली. त्याच्याच खाकरण्यासकट.

लातूरला उतरेपर्यंत त्याचा विचार ठरला होता, आणि तो मुळीच दुष्ट नव्हता, हेच त्यातले दुःख. आधी आपला भाग सरांनी वाचू द्यावा, शांतपणे, तुलना न करता. आठवड्याने आक्काचा द्यावा. फक्त आठवडा. त्याने सरांच्या हाती एकच पाकीट दिले. सर काही बोलले नाहीत. आठवडा गेला, महिना गेला, शंभरावा भाग सरांनी स्वतःच लिहिलेला केला. पुढे काही महिन्यांतच मालिका बंद पडली. आणि मध्यंतरी आक्काचे फोन.

"सरांनी वाचली का हो भाऊ?"

"वाचून राहिलेत आक्का."

दुसऱ्या वेळी, "झाली का वाचून?"

"झाली. हसले."

"खरंच? कुठं हसले?"

ह्या प्रश्नाची त्याने तयारी केलेली नव्हती. "ते शाळेचं म्हणते ना रखमा," तो म्हणाला, "आवाजावरून मोठी वाटायची. तिथं."

"तिथं?" आक्का चकित झाली होती. "तिथं तर मी हसण्यासाठी लिहिलंच न्हाई." मग, "असू द्या. सर शिकलेले हायत. त्यांना तिथं हसू आलं आसंल." तिने पुन्हा विचारले नाही. एकदाच, चित्रणाच्या शेवटच्या दिवशी, बादली सरळ करून ठेवताना ती म्हणाली, "भाग न्हाई केला तरी चालतंय भाऊ. हसले ना. बास झालं." त्यानंतर मालिका संपली ह्या निमित्ताने व्यंकटीने तिच्या गल्लीकडे जाणे टाळले. तिचा फोन आला की मशीन चालू आहे असे सांगे. मशीन खरोखरच चालू असे.

सरांचा वर्ग आता तीन मजल्यांचा झाला होता. दर्शनी भिंतीवर गुणवंत मुलांचे चेहरे आणि त्यांच्याखाली त्यांचे आकडे होते. सर केबिनमध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे बसले होते. केस पांढरे झाले होते.

"अरे कोतवाल! ये, ये. दवंडी काय आणलीस?"

"सर, एक वही वाचून द्यायची हाय."

"आता? मालिका बंद होऊन अडीच वर्षं झाली की रे."

"मालिकेसाठी न्हाई सर. नुसती वाचा. मी बसतो."

सरांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी रजिस्टर उघडले, हातातले लाल पेन सवयीने समासावर धरले. दुसऱ्या पानावर ते नाकातून हसले. मग पेन खाली ठेवले. हॉटेलवाल्याच्या वाक्याला ते एवढ्या मोठ्याने हसले की बाहेरचा कारकून डोकावला. एका ठिकाणी ते खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले, आणि उभे राहूनच पुढचे वाचले. व्यंकटी त्यांच्या पाठीकडे पाहत होता. जे घडायला हवे होते ते घडत होते, हुबेहूब. आणि त्याला कोठेतरी ओझे उतरण्याची प्रतीक्षा होती. ते उतरले नाही.

"कुणी लिहिलंय हे?"

"पार्वतीआक्कानं. रखमानं."

"कधी?"

"शंभराव्याच्या टायमाला."

"मग मला का नाही मिळालं?"

"माझ्याकडं राहिलं."

सरांनी चष्मा काढला. "व्यंकटी, तेव्हा सात भाग आले होते माझ्याकडं. सातही वाचले मी. प्रत्येकानं आपापला सत्कार लिहून आणला होता, तूसुद्धा. कुणाला काय बोलणार? म्हणून माझाच केला. हे आलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. शिक्षकाने वाक्य अर्धे सोडावे ह्याचा व्यंकटीला धक्का बसला. मग सर एकाएकी उत्साहाने म्हणाले, "फोन लाव तिला. लाव, लाव. मी बोलतो. सहा वर्षं दाराआड बसवलं बाईला मी! म्हणावं, मालिका नसली तर नसली, आपण हा एकटा भाग करू."

"त्या गेल्या सर. दहा तारखेला."

सरांनी रजिस्टर मिटले आणि ते दोन्ही हातांनी परत दिले. रविवारी येता येणार नाही, परीक्षा आहे, असे काहीतरी ते म्हणाले. जिन्यावरून खाली उतरताना मुलांचा लोंढा वर येत होता. कोणीही त्याला ओळखले नाही. ती मुले ज्या वयाची होती त्या वयाच्या मुलांनी ती मालिका पाहिलेलीच नव्हती.

परतीच्या बसमध्ये त्याने वाक्य जुळवले. सरांनी वाचली. सर हसले. एकदा तर खुर्चीतून उठले. ह्यात आता एकही शब्द खोटा नव्हता. हे वाक्य कोणत्याही न्यायालयात टिकले असते. तो ते मनातल्या मनात म्हणत राहिला. आणि चाकूर मागे पडल्यावर त्याला जाणवले की आपण ते धम्मप्रियेला नव्हे, आक्काला सांगत आहोत, आणि आक्का पलीकडून विचारीत आहे, कुठं हसले?

रविवारी वस्तीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात पांढऱ्या कपड्यांतली माणसे दाटीने बसली होती. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लावलेल्या होत्या. शेजारी मेजावर आक्काचा फोटो होता. वंदना होण्यास थोडा अवकाश होता. दोन म्हाताऱ्या फोटोपुढे उभ्या राहून आपसांत बोलत होत्या. "चावडीतली रखमा म्हणजे आपली पारू होय गं? एवढे दिवस शेजारी राहिली, सांगितलं न्हाई कधी!" "विचारलं कुणी तिला?"

धम्मप्रिया दाराजवळ हातात एक कार्ड आणि पेन घेऊन उभी होती. तिच्या भावाशी, अश्वजितशी, तिने ओळख करून दिली. "जय भीम मामा. आणली?"

व्यंकटीने रजिस्टर दिले. तिने ते उघडले नाही. कापडात बांधलेली वस्तू असावी तसे उराशी धरले.

"सुरुवातीला मी दोन वाक्यं सांगणार हाय," ती म्हणाली. "सरांनी वाचली होती ना हो?"

"वाचली," व्यंकटी म्हणाला. "हसले. लई हसले. एकदा तर खुर्चीतून उठून खिडकीशी गेले."

तिचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांच्या दुःखातून वर आलेला तो उजेड अगदी आईसारखा होता. म्हणजे असावा, कारण आक्काचा चेहरा आनंदाने कसा दिसतो हे व्यंकटीने फारसे पाहिले नव्हते. तिने कार्डावर लिहिले. मग पेन तसेच ठेवून विचारले, "कोणत्या साली हो ते? बावीस का तेवीस?"

तिला फक्त साल हवे होते. कोणताही आकडा चालला असता. सभागृहात कोणीतरी ध्वनिक्षेपक ठोकून पाहत होते, टक टक. आणि व्यंकटीच्या ओठांवर बावीस आले होते, पूर्ण तयार, घासून पुसून.

"परवा," तो म्हणाला.

"काय?"

"परवा. शुक्रवारी वाचली सरांनी. त्याच्या आधी ती माझ्याकडंच होती. दुकानात. तीन वर्षं. मी दिलीच न्हाई."

अश्वजित पुढे सरकला, तिने त्याला हातानेच थांबवले.

"तुम्ही तर आईला सांगितलं सर हसले म्हणून."

"हाव."

"कुठं हसले तेबी सांगितलं."

"हाव."

"ती करून दाखवायची ते," धम्मप्रिया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आम्हाला. शेजारणीला. दवाखान्यातल्या सिस्टरलासुद्धा. शाळा आवाजावरून मोठी वाटायची म्हणायची, आन् मग म्हणायची, इथं सर हसले बघा. मी हसायला लिहिलं नव्हतं, तरी हसले." तिने पेनाला टोपण लावले. कार्डावरच्या ओळीवर तिने काट मारली नाही; कार्डच घडी करून पदरात घातले. "का न्हाई दिली?"

"चांगली होती," व्यंकटी म्हणाला. ह्याहून अधिक खरे त्याच्यापाशी काही नव्हते.

तिने रजिस्टर भावाच्या हाती दिले. शिवी दिली असती तर त्याने ती प्रसादासारखी घेतली असती. "अश्वजित कोतवालाचं वाचंल," ती म्हणाली. "तुम्ही बसा. मागं जागा हाय."

तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसला. त्रिशरण-पंचशील झाले. मग बहीण-भाऊ ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले, रजिस्टर दोघांच्या मध्ये. धम्मप्रिया रखमाचे आणि उरलेल्या सगळ्यांचे वाचीत होती. शेऱ्याच्या रकान्यातले सुद्धा तिने सोडले नाही, "इथं सगळे एकदम गप" हेही ती वाचे आणि लोक त्यालाच हसत. आरंभी माणसे दबकून हसली, अशा प्रसंगी हसावे की नाही ह्या संकोचाने. हॉटेलवाल्याच्या वाक्याला मात्र एक म्हातारी खळखळून हसली आणि मग सगळे सभागृह मोकळे झाले. डोळे पुसत पुसत लोक हसत होते. व्यंकटी प्रत्येक हशाच्या आधी श्वास रोखी व नंतर सोडी. अश्वजित सरकारी कचेरीत नोकरीला होता. तो कोतवालाची वाक्ये नोटीस वाचावी तशी वाचीत होता. खाकरणे तो गाळत होता.

मग ती जागा आली. गावाचे दोन तट पडले आहेत, आधार कार्डाने निकाल लागलेला नाही, आणि सरपंच कोतवालाला पुढे बोलावतो. "कोतवाल," धम्मप्रियेने वाचले, "नीट बघून सांग. हीच का तुझी बायको?" पुढे शेऱ्यात तिच्या आईने लिहिले होते की कोतवाल लई वेळ बघतो, एवढा वेळ की लोकांना वाटावे हा विसरला. पण अश्वजितचे डोळे आपल्या ओळीवर होते. तो थांबला नाही.

"आवाज ऐकू द्या," त्याने वाचले, "मग सांगतो."

हा त्या भागातला सर्वांत मोठा हशा होता. बसमध्ये, तीन वर्षांपूर्वी, व्यंकटीने तो ऐकलाही होता, सगळे खेडे हसत असल्यासारखा. आज कोणीही हसले नाही. एकेक करून माणसांच्या नजरा मेजावरच्या फोटोकडे गेल्या.

"रखमा काही बोलत नाही," धम्मप्रियेने शेरा वाचला. "नुसती बघते."

आणि ती थांबली. पुढचे वाक्य पुन्हा कोतवालाचे होते. अश्वजितला ते वाचवेना; तो रजिस्टरवरून नजर उचलून बहिणीकडे पाहत उभा राहिला. ध्वनिक्षेपकातून दोघांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शेवटच्या रांगेत व्यंकटीला ते वाक्य त्याच्या वजनासह मुखोद्गत होते. ते त्याच्यासाठी लिहिलेले होते, त्याच्या नावाने, त्याच्या बोलीत. त्याने तोंड उघडले, आणि धम्मप्रियेचे "तुम्ही बसा" आठवून पुन्हा मिटून घेतले.